नळपारावरची सही

चित्रकाराचा परिचय छापताना आपण देशांची आणि निवासी शिष्यवृत्त्यांची यादी देतो. जणू प्रवासाची लांबी म्हणजेच कलेची उंची! नवजोत अल्ताफ यांच्या बाबतीत ही मोजपट्टी अपुरी पडते, असे आम्हांला वाटते. मेरठचा जन्म, मुंबईच्या जे. जे.मधले शिक्षण, देशोदेशींची प्रदर्शने हे सारे त्यांच्याही परिचयात आहेच. परंतु १९९७ पासून बस्तरमधील कोंडागाव ही त्यांची दुसरी कर्मभूमी झाली. तेथे शांतीबाई, राजकुमार, गेसूराम या आदिवासी कलावंतांसह त्यांनी सार्वजनिक हातपंपांभोवती ‘नळपार’ उभारले. डोक्यावर घेण्याआधी घागर टेकवता यावी, कमरेवरचा ताण हलका व्हावा, हा त्या शिल्पाचा आशय.

हे कर्तृत्व कोणाचे? २०१८ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात नवजोत यांचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले, ते उचितच. पण लेखकाच्या मृत्यूची चर्चा वर्गात रंगवणारे आपण कलेकडे वळताच एकाच सहीवर थांबतो. समीक्षेने देश मोजून झाल्यावर एवढे तरी विचारावे : घागर टेकवणाऱ्या बाईला तो ओटा सोयीचा झाला का? आणि तो रचणाऱ्या सगळ्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत का?