बाबागाडीची मोटर आणि आजीचा हात

नागपूरच्या इतवारीत किंवा महालात सकाळी मंदिराच्या वाटेवर दिसणारे एक दृश्य व्यापारी घरांना नवे नाही. मुलगा दुकानाचे शटर उघडण्याच्या घाईत, सून घरकामात किंवा तीही दुकानाच्या हिशेबात, आणि नातवंडाला बाबागाडीत बसवून आजी दर्शनाला निघालेली. गाडी हलकी, पण गुडघे जड. वाटेत गतिरोधक, गटाराचे वर आलेले झाकण, नव्या सिमेंट रस्त्याची उंच कड. या आजीच्या बाबागाडीला मोटर असावी, ही कल्पना चैनीची म्हणता येणार नाही. युरोपात अशा गाड्या विकल्या जातात. मग हिंगण्याच्या किंवा बुटीबोरीच्या एखाद्या कारखान्यात ती का होऊ नये, असा विचार व्यापारी मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र भांडवल घालण्यापूर्वी अडचण नेमकी कोठे आहे हे पाहावे लागते, आणि पहिल्या नजरेस जेथे वाटते तेथे ती नसते.

पहिली शंका मोटरच्या ताकदीची. तिचा हिशेब मांडून पाहावा. बाळ १० किलोचे, गाडी १२ किलोची, मोटर व बॅटरी मिळून ५ किलो, हाताची पिशवी ३ किलोची. एकूण ३० किलो. बारा फुटांत एक फूट चढणाऱ्या रॅम्पवर ही गाडी ढकलण्यास त्याच्या बाराव्या हिश्श्याचा, म्हणजे अडीच किलोचा जोर लागतो. खडबडीत वाटेचा विरोध आणखी दीड किलोचा धरावा. चार किलोचा जोर आणि सेकंदाला एक मीटर चाल, याला सुमारे ४० वॅट पुरतात. छताचा जुना पंखा याच्या जवळजवळ दुप्पट वीज खातो. लॅपटॉपएवढ्या बॅटरीवर मंदिराची फेरी सहज होईल. वेगाचेही तसेच. इंग्लंडमधील कॉलिन फर्झ या हरहुन्नरी प्लंबरने २०१२ मध्ये बाबागाडीला इंजिन जोडून ताशी ८६ किलोमीटरचा विक्रम केला; अर्थात त्या गाडीत बाळ नव्हते. त्याच्याही नव्वदेक वर्षे आधी, बर्मिंगहॅमच्या डंकली कंपनीने ‘प्रॅमोटर’ नावाची पेट्रोल इंजिनाची बाबागाडी काढली होती. मागील फळीवर उभी राहून दाई ती हाकीत असे. बाळापेक्षा दाईचीच सोय पाहणारी ती गाडी फार चालली नाही, यात नवल नाही.

चालविणे सोपे आहे. कठीण आहे ते थांबविणे. ऑक्टोबर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या ॲशबर्टन स्थानकावर एका आईने क्षणभर बाबागाडीवरून हात काढला. फलाटाला जरासा उतार होता. गाडी घरंगळत रुळांवर गेली आणि समोरून आगगाडी आली. सहा महिन्यांचे ते बाळ दैवयोगाने किरकोळ दुखापतीवर बचावले. त्या गाडीला मोटर नव्हती, हे विशेष ध्यानात घ्यावे. मोटर असती आणि तिला कोणाचा हात आहे की नाही याची जाणीव नसती, तर काय झाले असते याची कल्पनाही नको.

म्हणून पहिला नियम असा की, हात सुटताच गाडीने स्वतः थांबावे आणि थांबलेलीच राहावे. यातील दोन्ही गोष्टी निरनिराळ्या आहेत. मोटरच्या तारा आतल्या आत जोडून टाकल्या की फिरती मोटर स्वतःच ब्रेक बनते, त्यास बॅटरीचीही गरज नसते. पण हा ब्रेक गतीवर जगतो. चाक मंद झाले की त्याचा जोर ओसरतो, आणि उतारावर गाडी मुंगीच्या पावलाने पुढे सरकतच राहते. तिला रोखून धरण्यासाठी दुसरा, यांत्रिक ब्रेक हवा. वाहतुकीच्या धंद्यातील वाचकांना याचे उदाहरण ठाऊक आहे. ट्रकमधील हवेचा दाब गेला की स्प्रिंग ब्रेक आपोआप आवळतो. दाब असतो तो ब्रेक सोडविण्यासाठी. बाबागाडीतही हेच हवे. विजेने ब्रेक सुटावा आणि वीज गेली, तार तुटली, बॅटरी संपली तरी तो लागावा. शिवाय तो झटक्याने लागता कामा नये, नाहीतर बाळ पुढे फेकले जाईल. अर्ध्या मीटरच्या अंतरात हळुवारपणे वेग शून्यावर यावा.

मुनिराजांच्या ईर्यासमितीत पुढील चार हात भूमी पाहून पाऊल टाकण्याचा नियम आहे. चार हात म्हणजे जवळजवळ सहा फूट, १.८ मीटर. सेकंदाला १.२ मीटर चालणाऱ्या माणसास अडथळा दिसून सावध होण्यास एक सेकंद लागला, तर तेवढ्यात १.२ मीटर वाट सरते; पुढे ब्रेकचा अर्धा मीटर. बेरीज १.७ मीटर. योगायोग म्हणावा, पण पायी चालीपेक्षा गाडीला अधिक वेग देऊ नये हे ठरविण्यास एवढा हिशेब पुरेसा आहे.

खरी परीक्षा याच्याही पुढची आहे. आजीच्या मनात काय आहे हे मोटरने ओळखायचे कसे? दांडीवरील दाब मोजणारा संवेदक बसविता येतो. दांडी पुढे ढकलली की मोटरने साहाय्य करावे. परंतु गुडघे दुखणारी आजी दांडीवर काठीसारखा भार टाकते. यंत्र त्यास ‘अधिक वेग’ समजले, तर गाडी पुढे निसटते, आधार सुटतो आणि आजी तोंडावर पडते. यावर उपाय म्हणजे पुढचा जोर आणि खालचा भार वेगवेगळा मोजणे, खालच्या भारास साहाय्याचे कारण न मानणे आणि मोटरचा जोर हळूहळू वाढविणे. याउलट कडेवर चढताना चालविणारा दांडी खाली दाबून पुढची चाके उचलतो. त्या क्षणी मागची मोटर जोर करू लागली, तर गाडी मागे कलंडण्याचे भय असते. दांडीला भाजीची जड पिशवी अडकविली असेल तर ते भय दुप्पट.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी मोटरचे साहाय्य असलेली पायरिक्षा तयार केली, तेव्हा तेथेही माणसाच्या श्रमाला यंत्राची जोड देणे हाच विचार होता. २०२० च्या सुमारास जर्मनीच्या बॉश कंपनीने बाबागाडीसाठी जी यंत्रणा आणली आणि स्वीडनच्या एमलयुंगा कंपनीने वापरली, तीही याच वळणाची आहे. मागच्या दोन चाकांना दोन मोटरी, चढावर मदत, उतारावर रोध, आणि ढकलणारा हात नसेल तर गती नाही. रस्ता एका बाजूस कलता असेल तर दोन्ही मोटरींचा जोर कमी-अधिक होऊन गाडी सरळ राहते. कॅनडाच्या ग्लूक्सकिंड कंपनीची ‘एला’ स्वतःहून चालते खरी, पण बाळ आत नसेल तेव्हाच. ही मर्यादा म्हणजे त्या गाडीतील सर्वांत शहाणपणाचा भाग होय.

नागपूरकरांसाठी आणखी दोन गोष्टी. पहिली चाकाची. पाच सेंटीमीटरच्या कडेवर केवळ ढकलून चढण्यास २० सेंटीमीटर व्यासाच्या चाकाला त्यावरील भाराच्या १.७ पट जोर लागतो, तर ३० सेंटीमीटरच्या चाकाला १.१ पट. म्हणजे पुढील चाकांवर १२ किलो असतील तर एकीकडे २० किलो, दुसरीकडे १३. मोटर वाढविण्यापेक्षा चाक वाढविणे स्वस्त पडते. दुसरी गोष्ट उन्हाची. २०१३ च्या मे महिन्यात नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. लिथियम बॅटरी साधारणतः ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये. ती बाळाच्या आसनाखाली तर मुळीच नको. मागच्या आसापाशी, धातूच्या पेटीत आणि काढता येण्याजोगी असावी. मोबाईलवरून गाडी हलविण्याच्या करामती या यादीत येत नाहीत. मनगटात अडकवायची साधी दोरी मात्र अवश्य यावी. आणि परदेशी गाडी घ्यायचीच झाली, तर दांडीवरील आवरण खऱ्या चामड्याचे नाही ना, हेही विचारून घ्यावे.

उरतो तो जिना. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या यंत्रणेवर काम केलेले ओवेन मॅक्लॅरेन यांनी १९६५ मध्ये छत्रीसारखी मिटणारी ॲल्युमिनियमची बाबागाडी तयार केली. तिचे वजन तीन किलोंहूनही कमी होते, आणि घडी करून ती एका हाताने उचलता येई. मोटरच्या गाडीने हे सारे पुन्हा गमावले आहे. इतवारीतील जुन्या घराच्या उभ्या, अरुंद जिन्यावर मोटर, ब्रेक आणि बॅटरी ही सर्व मृत वजने आहेत, आणि यावर चांगला उपाय अद्याप बाजारात दिसत नाही. तोवर गाडी तळमजल्यावर साखळीने बांधून ठेवायची, बॅटरी काढून वर न्यायची, आणि बाळ नेहमीप्रमाणे कडेवर.