बिघाड नेमका कोणाचा?

घरातील संगणक मंदावला की पहिला संशय मुलांच्या खेळांवर जातो, दुसरा ‘व्हायरस’वर आणि तिसरा स्वतःच्याच अडाणीपणावर. दुकानदार यंत्राकडे ओझरती नजर टाकून ‘फार जुना झाला, आता नवाच घ्या’ असा निर्वाळा देतो आणि गृहस्थ हप्त्यांच्या हिशेबाला लागतो. पुरावा तपासला जात नाही, साक्ष घेतली जात नाही. दंड मात्र ताबडतोब वसूल होतो, आणि तोही ग्राहकाकडून.

वस्तुतः मंदपणाची कारणे मोजकी आहेत आणि ती शोधण्याचे साधन यंत्रातच असते. विंडोज प्रणालीत कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकत्र दाबल्या की ‘टास्क मॅनेजर’ उघडतो आणि प्रोसेसर, मेमरी व डिस्क यांपैकी कोणावर किती भार आहे हे टक्क्यांत दिसते. विशेष काही काम चालू नसतानाही डिस्कचा आकडा शंभराला चिकटून राहत असेल व आत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असेल, तर बहुधा गुन्हेगार सापडला असे समजावे. ही तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते आणि प्रत्येक लहानसहान माहितीसाठी तिच्यावरील दांडीला जागा बदलावी लागते. तोपर्यंत प्रोसेसर बिचारा हातावर हात ठेवून वाट पाहत बसतो. तिच्या जागी हलता भागच नसलेली एसएसडी बसविली तर आठ-दहा वर्षांचे यंत्रही पुन्हा कामाला लागते, आणि त्याचा खर्च नव्या संगणकाच्या किमतीचा लहानसा भाग असतो. मेमरी चार जीबी असताना ब्राउझरची वीस पाने उघडी ठेवली, तर न मावणारा बोजा प्रणाली डिस्कवर टाकते व दोन्ही थकतात. पंख्यात धूळ साचली की उष्णता वाढते आणि प्रोसेसर स्वसंरक्षणार्थ आपला वेग उतरवतो. यासाठी एक स्क्रू-ड्रायव्हर व रंगाचा कोरडा ब्रश पुरतो.

मग ‘नवाच घ्या’ हा मंत्र येतो कोठून? दुकानदार केवळ त्याचा उच्चार करतो. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबविला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय आणि इंटेलच्या साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा, म्हणजे २०१७ च्या सुमारासचा किंवा नंतरचा, प्रोसेसर आवश्यक ठरविण्यात आला. सुरक्षेचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, हे मान्य केले पाहिजे. तथापि, काल उत्तम चालणारे यंत्र आज एका पत्रकाने म्हातारे ठरते आणि त्या वार्धक्याचा भुर्दंड मालकाने सोसावा, हा न्याय कोणी लावला? ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी जगभरच्या घरगुती ग्राहकांपुढे तीस डॉलर भरा, बक्षीस-गुण वापरा किंवा आपल्या संगणकाची मांडणी कंपनीच्या मेघावर नोंदवा, असे पर्याय ठेवण्यात आले. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठविला, तेव्हा तेथील घरगुती ग्राहकांसाठी पैशांची व मेघ-नोंदणीची अट मागे घेण्यात आली. कंपनी तीच, प्रणाली तीच. फरक फक्त संघटनेचा होता. भारतात लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीचा मार्गही खुला आहे. केरळातील सरकारी शाळांचे संगणक अनेक वर्षे तिच्यावर चालत आले आहेत. महाराष्ट्रात हा विषय हौशी तरुणांच्या मंडळांपलीकडे फारसा गेला नाही, ही खंतावण्यासारखी गोष्ट आहे.

इंटरनेटच्या बाबतीत हीच गोष्ट अधिक उघडी दिसते. जाहिरातीतील शंभर ‘एमबीपीएस’ म्हणजे मेगाबिट, मेगाबाइट नव्हेत. आठाने भागले की सेकंदाला साडेबारा मेगाबाइट उरतात. हा घोळ छापताना दूर करता आला असता, परंतु मोठा आकडा कोणाला नको असतो? असो. बिघाड शोधण्याची रीत सोपी आहे. संगणक राउटरला थेट तारेने जोडून वेग मोजावा. तारेवर वेग नीट व वायफायवर मंद असेल, तर दोष घरातला: राउटर दूरदर्शन संचामागे दडला असेल, मध्ये जाड भिंत असेल किंवा शेजाऱ्यांच्या राउटरांची २.४ गिगाहर्ट्झवर गर्दी झाली असेल. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लागला असेल, तर प्रकाशच पोचत नाही. तार कोठेतरी तुटली आहे किंवा खिळ्याभोवती करकचून वाकविली आहे. आणि पहाटे भरधाव धावणारी जोडणी रोज रात्री नऊला रांगू लागत असेल, तर दोष बहुधा घरातही नाही व तारेतही नाही. फायबरच्या एका धाग्याची क्षमता बत्तीस किंवा चौसष्ट घरांत वाटली जाते. हे तंत्राला धरूनच आहे. पण पुढची वाट अरुंद ठेवून अधिकाधिक ग्राहक जोडत जाणे हा नफ्याचा हिशेब आहे, आणि तो ‘तांत्रिक अडचण’ या नावाने खपविला जातो.

‘राउटर बंद करून पुन्हा चालू करा’ हा सल्ला मूर्खपणाचा नाही, पुष्कळदा तो लागूही पडतो. दहाव्या तक्रारीलाही तेच उत्तर मिळाले, म्हणजे तो सल्ला न राहता चालढकल होते. ट्रायच्या २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार तारजोडणीतील बिघाड तीन दिवसांत दूर न झाल्यास भाड्यात सूट देणे कंपनीला बंधनकारक आहे. दूरसंचार सेवेविरुद्ध ग्राहक न्यायमंचाकडे जाता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. हे किती ग्राहकांना ठाऊक आहे?

शहरी सुखवस्तू माणसाला खिशातील मोबाइलचा आधार तरी असतो. ज्या विद्यार्थिनीला शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवशी सेवा केंद्रातून भरायचा आहे, तिच्या दृष्टीने मंद संगणक म्हणजे बुडालेले वर्ष होय. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना २०११ मध्ये मंजूर झाली, पुढे तिला ‘भारतनेट’ हे नाव मिळाले, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित आराखड्यासाठी सुमारे १ लाख ३९ हजार कोटी रुपये मंजूर झाले. तार टाकणे हे उद्घाटनाचे काम आहे, ती चालू ठेवणे हे रोजचे. रोजच्या कामाचा फोटो निघत नाही, म्हणून त्याची आबाळ होते.

येथे कार्यकर्त्याला पुष्कळ करता येण्याजोगे आहे आणि त्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. एकट्या ग्राहकाच्या तक्रारीला ‘तुमच्याच यंत्रात दोष असेल’ हे उत्तर नेहमीच तयार असते. एकाच चाळीतील, एकाच कंपनीच्या दहा घरांनी आठवडाभर सकाळी सात, दुपारी तीन व रात्री नऊ वाजता संगणक तारेने जोडून वेग मोजला आणि तारखेसह वहीत लिहिला, तर दहाही यंत्रे रोज रात्रीच कशी बिघडतात याचा खुलासा कंपनीला करावा लागेल. प्रत्येक तक्रारीचा क्रमांक त्याच वहीत टिपावा. तक्रार केंद्राने दाद न दिल्यास कंपनीच्याच अपिलीय अधिकाऱ्याकडे जाण्याची तरतूद आहे. तेथे अर्ज दहा सह्यांनिशी आणि वहीच्या प्रतीसह जावा.