दंतरोपण: स्क्रू शहरात, निगा गावात

आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव म्हणून पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक महाराष्ट्राला परिचित आहे. शेवटच्या माणसाच्या उदयाचा विचार मांडणाऱ्या विनोबांच्या या गावापर्यंत आधुनिक दंतवैद्यक कितपत पोहोचते, हा प्रश्न आज अप्रस्तुत ठरू नये. रायगड जिल्ह्यातील दंत महाविद्यालये कामोठे, खारघर अशा पनवेल तालुक्यातील शहरी पट्ट्यात आहेत. दंतरोपणासारख्या उपचारासाठी ग्रामीण रुग्णाला शहराचीच वाट धरावी लागते.

या उपचाराचे मूळ स्वीडनमध्ये आहे. टायटॅनियम हा धातू जिवंत हाडाशी घट्ट जुळून येतो, हे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये सशांवरील प्रयोगांत आढळले. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे रोपण केले. पडलेल्या दाताच्या जागी टायटॅनियमचा छोटा स्क्रू बसवतात. साधारण तीन ते सहा महिन्यांत हाड त्याला धरून ठेवते व मग त्यावर कृत्रिम दात चढतो. शेजारचे निरोगी दात घासावे लागत नाहीत आणि जबड्याचे हाड झिजण्याचा वेगही मंदावतो.

कृत्रिम दात किडत नाही, म्हणून तो निष्काळजीपणा सहन करतो असे मात्र नव्हे. स्क्रूभोवती कीटण साचल्यास आधी हिरडी सुजते आणि पुढे हाड झिजते. अनेकदा वेदना होत नसल्याने स्क्रू हलू लागेपर्यंत रुग्णाला पत्ताच लागत नाही. दिवसातून दोनदा मऊ ब्रशने दात घासणे, फटींसाठी बारीक ब्रश वापरणे, मधुमेह आटोक्यात ठेवणे आणि ठरावीक काळाने दंतवैद्याकडून तपासणी करून घेणे हे त्यावरचे उपाय आहेत. तंबाखू, मिश्री व धूम्रपान सोडणेही तितकेच आवश्यक. राज्याने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. सवय मात्र कायद्याने सुटत नाही.

खरा पेच खर्चाचा आहे. केंद्राने २०१७ मध्ये हृदयातील स्टेंट आणि गुडघ्याच्या सांध्याच्या किमतींवर मर्यादा घातली. दातांच्या रोपणांना अशी कमाल किंमत ठरवून दिलेली नाही. आरोग्यविमाही अपघात वगळता दंतोपचारांना सहसा हात लावत नाही. त्यामुळे नेमकी तपासणीची फेरीच पैशाअभावी टळते, आणि मोठ्या खर्चाने बसवलेला दात गमावण्याची वेळ येते.

दंतआरोग्य हे सौंदर्यप्रसाधनाच्या खात्यात टाकण्याची सवय धोरणकर्त्यांनी सोडायला हवी. चघळता न येणारी वृद्ध व्यक्ती भाकरी, कडधान्ये, फळे टाळते आणि पोषणाला मुकते. प्रत्येकाला रोपण देणे शासनाला शक्य नसेल. पण तालुका पातळीवर नियमित दंततपासणी आणि तंबाखूमुक्तीचे समुपदेशन पोहोचवणे नक्कीच शक्य आहे. तसे झाले तर असलेले दातच टिकतील आणि रोपणाची गरजही कमी भासेल.