चिंचोक्यांची बोली



आयपीएल आली की आपल्या अलिबाग-मुरुडकडची मुलं घरीच लिलाव मांडतात. प्रत्येकाला 100 चिंचोके, त्यांतच 11 खेळाडू घ्यायचे. मग खऱ्या सामन्यातल्या धावा-बळींवरून गुण. मला हा खेळ आवडतो. एकावरच 40 उधळले, तर उरलेले दहा 60 मध्ये बसवावे लागतात. 2024 च्या लिलावात लखनौनेही ऋषभ पंतसाठी 27 कोटी मोजले, पण अख्ख्या संघाची मर्यादा 120 कोटींचीच. परिग्रह-परिमाण मुलांना याहून सोपं कसं शिकवणार?

मात्र चिंचोक्यांच्या जागी पैसे आले की तो जुगार, सप्तव्यसनांतला पहिला. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर 2025 च्या कायद्याने बंदी आणली. घरातल्या खेळावर लक्ष आपणच ठेवायचं.