नामाची मुखत्यारी

हरिहरेश्वरी हरी आणि हर ही दोन नामे एकाच स्थळनामात नांदतात, आणि काळभैरवाचे दर्शन घेऊन समुद्रकाठच्या खडकांवरून प्रदक्षिणा घालणाऱ्या भाविकास नामाचे माहात्म्य निराळे सांगावे लागत नाही; परंतु याच रायगड किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारे, शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणविले गेलेले बेने इस्रायली ज्या यहुदी परंपरेचे, तीत ईश्वराचे चार अक्षरी नाम लिहितात, उच्चारीत मात्र नाहीत; तेथे ‘अदोनाय’, म्हणजे प्रभू, म्हणतात.

मोशेला जळत्या झुडपापाशी प्रकट झालेले, ‘असणे’ या क्रियापदाशी निगडित असलेले हे नाम ‘यहोवा तारतो’ अशा अर्थाच्या ‘येशू’ या नामाच्या रूपाने ख्रिस्ती श्रद्धेने सामान्यांच्या ओठी आणले, आणि फादर स्टीफन्स यांच्या, १६१६ साली राचोल येथे छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’ने ते मराठी ओवीत बसविले. तथापि, प्रार्थनेअखेर ‘येशूच्या नावाने’ म्हणणे ही मुखत्यारी आहे, आणि मुखत्याराने धन्याच्या इच्छेबाहेर सही केली तर तो दस्तऐवज रद्दबातलच ठरावयाचा! दहा आज्ञांतील व्यर्थ नामोच्चाराचा निषेध माझ्या मते शिवीगाळीपेक्षा अधिक लागू पडतो तो देवाच्या नावे द्वेष पसरविणाऱ्यांस, मग त्यांचा धर्म कोणताही असो.