तब्येतीसाठी दारू?

महाराष्ट्रात दारू पिण्याचा परवाना कोणत्या कारणासाठी मिळतो, माहीत आहे? १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालील या परवान्यावर कारण लिहिलेले असते प्रकृती सांभाळण्याचे. म्हणजे कागदोपत्री पिणारा प्रत्येक माणूस रुग्ण आणि दारू त्याचे औषध! या जुन्या सरकारी ढोंगाला आता कोलेस्टेरॉलची साथ मिळाली आहे. खडवलीहून कल्याणकडे जाणाऱ्या लोकलमध्ये हे ज्ञान फुकट मिळते: रोज एक पेग घ्या, चांगले कोलेस्टेरॉल वाढते.

वाढते, हे खरे. दारूने एचडीएल वाढते. पण एचडीएल वाढले म्हणजे हृदय वाचले, असे नाही. एचडीएल वाढवणाऱ्या टॉर्सेट्रापिब या औषधाची चाचणी २००६ मध्ये मध्येच थांबवावी लागली. आकडा वाढला होता, आणि मृत्यूही वाढले होते. शिवाय हीच दारू ट्रायग्लिसराइड आणि रक्तदाब वाढवते, त्याची चर्चा डब्यात होत नाही. थोडी पिणारे जास्त निरोगी असे सांगणाऱ्या कित्येक जुन्या अभ्यासांत, आजारपणामुळे दारू सोडलेल्यांनाही 'न पिणारे' म्हणून मोजले होते. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले की दारूचे कोणतेही प्रमाण सुरक्षित नाही.

पावसाळ्यात बाटली घेऊन भातसा नदीवर येणाऱ्या विशीतल्या पोरांना रक्तदाबाआधी नदीचाच धोका. चाळिशीत दाब गुपचूप चढतो, डोकेसुद्धा दुखत नाही. साठीत ठोके अनियमित होणे, पक्षाघात, आणि वर गोळ्यांशी दारूची गाठ.

आता आपल्या घरचे बोलू. 'आमच्यात कुणी पीत नाही' हे वाक्य बंद करा. हराम आहे हे पिणाऱ्यालाही माहीत असते, म्हणूनच तो घरी लपवतो आणि डॉक्टरांपुढेही लपवतो. दाब उतरत नाही म्हणून डॉक्टर गोळी वाढवत राहतात. कुरआनने सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत दारूत काही फायदा असल्याचे नाकारलेले नाही. गुन्हा फायद्याहून मोठा आहे, असे सांगितले. एवढा सरळ हिशेब असताना आपण लाजेपोटी माणूस का घालवतो? जुम्याच्या बयानात जहन्नमबरोबर रक्तदाबही येऊ द्या.

रोज सहाहून जास्त पेग पिणाऱ्यांनी प्रमाण निम्मे केले तेव्हा दाबाचा वरचा आकडा सरासरी साडेपाचने उतरला, असे २०१७ चा एक अभ्यास सांगतो. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून एकदम बंद करायला लावू नका. त्याला झटके येऊ शकतात. आधी डॉक्टरांकडे न्या, आणि तिथे आकडा खरा सांगा.