बुरशी झटकली, विष गेले का?



गेल्या श्रावणातील गोष्ट. एका वृद्ध रुग्णास तपासण्यासाठी मी त्यांच्या घरी गेलो होतो. स्वयंपाकघराच्या दाराशी त्यांच्या पत्नी सूप घेऊन शेंगदाणे निवडत बसल्या होत्या. समोर तीन ढीग होते. टपोरे दाणे कुटासाठी. सुरकुतलेले, काळपट दाणे भाजून चटणीसाठी. आणि हिरवट बुरशी धरलेले मूठभर दाणे दारच्या गाईसाठी. सून हळूच म्हणाली, "डॉक्टर, तुम्हीच सांगा. मी टाकते म्हटले की आई रागावतात." आजी म्हणाल्या, "अहो, अन्न टाकवत नाही हो."

आजींची भावना मला परकी नाही. टंचाईचे दिवस पाहिलेल्या पिढीला मूठभर दाणेही मोलाचे वाटतात. तरीही त्या तीन ढिगांविषयी आज सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते.

शेंगदाणा, मका, सुके खोबरे, लाल मिरची असे पदार्थ सादळले की त्यांवर 'अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस' नावाची पिवळसर-हिरवी बुरशी वाढू शकते. ही बुरशी 'अफ्लाटॉक्सिन' हे विष निर्माण करते. त्याचा शोध लागला तो पक्ष्यांच्या मृत्यूमुळे. १९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी अकस्मात दगावले. त्यांच्या खाद्यातील शेंगदाण्याच्या पेंडीत हे विष आढळले.

आपल्या देशाने याहून दुःखद अनुभव घेतला आहे. १९७४ साली गुजरातमधील पंचमहाल आणि राजस्थानमधील बांसवाडा या जिल्ह्यांत अवकाळी पावसाने मक्याची कणसे भिजली. गरीब आदिवासी कुटुंबांजवळ दुसरे धान्य नव्हते. तोच बुरसटलेला मका त्यांनी खाल्ला. काही आठवड्यांतच लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी साठू लागले. नोंदलेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले. घरातील उरलेसुरले खाणाऱ्या कुत्र्यांमध्येही तीच लक्षणे दिसली.

हे विष शरीरात नेमके काय करते? पोटात गेलेले अफ्लाटॉक्सिन यकृतात पोहोचते. परके द्रव्य निकामी करावे म्हणून यकृतातील विकरे त्यावर प्रक्रिया करतात. परंतु येथे घडते विपरीतच. त्या प्रक्रियेतून मूळ विषाहून घातक असा पदार्थ तयार होतो आणि तो पेशीच्या केंद्रातील डीएनएला चिकटतो. पेशींच्या बेबंद वाढीला लगाम घालणारे 'पी-५३' हे जनुक त्यामुळे बिघडू शकते. मात्रा मोठी असेल तर यकृताचा दाह तातडीने होतो. मात्रा अल्प असली आणि ती वर्षानुवर्षे पोटात जात राहिली, तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ज्यांना हिपॅटायटिस-बीचा जुना संसर्ग आहे, त्यांच्या बाबतीत हा धोका कित्येक पटींनी वाढतो. चुकून एखादा कडू दाणा खाल्ला म्हणून घाबरून जाऊ नका. बदलायची आहे ती रोजची सवय.

आता त्या ढिगांकडे वळू. दुसऱ्या ढिगातील दाणे भाजले की निर्धोक होतात, असा आजींचा समज होता. भाजल्याने बुरशी मरते, विषाचा काही अंशही घटतो. परंतु ते पूर्णपणे नष्ट होत नाही. अफ्लाटॉक्सिनचे विघटन व्हायला दोनशे अंश सेल्सिअसहून बरीच अधिक उष्णता लागते. उकळणे, वाफवणे, प्रेशर कुकर यांचाही भरवसा नाही. बुरशी झटकली किंवा धुतली तरी आत मुरलेले विष राहतेच.

तिसरा ढीग गाईचा. मुक्या जनावराच्या मुखी घास घालावा, हा हेतू पवित्रच आहे. पण गाईच्या यकृतात या विषाचे रूपांतर होते आणि त्याचा काही अंश 'अफ्लाटॉक्सिन एम-१' या रूपाने एक-दोन दिवसांतच दुधात उतरतो. दूध तापवले तरी तो जात नाही. म्हणजे आपण टाकलेला घास नातवंडाच्या पेल्यात परत येतो.

राहिला पहिला ढीग. तो बराचसा सुरक्षित, पण बराचसाच. या विषाला स्वतःची चव वा वास नसतो. दाण्याचा बदललेला रंग, सुरकुत्या आणि कडवटपणा एवढ्याच खुणा आपल्या हाती असतात. वयोमानाने दृष्टी, गंध आणि चव मंदावतात, म्हणून पावसाळ्यात धान्य निवडताना घरातील तरुण माणसाने शेजारी बसावे. दमा असलेल्यांनी बुरसटलेले धान्य पाखडूच नये. तिचे कण श्वासावाटे आत गेल्यास दम्याचा त्रास बळावू शकतो.

एवढे अवश्य पाळा. दाणे, खोबरे, मिरची कडक वाळवून, पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरा. ओला हात, ओला चमचा डब्यात घालू नका. धान्याची पोती भिंतीला टेकवून वा थेट जमिनीवर ठेवू नका. कूट थोडेच करा आणि ते फ्रीजमध्ये ठेवा. पाव किंवा भाकरीवर बुरशी दिसली तर तेवढाच भाग न काढता सारेच टाका. घरात कोणालाही हिपॅटायटिस-बी असल्यास बाकीच्यांनी तपासणी आणि लस यांविषयी डॉक्टरांना विचारावे. कावीळ झाली किंवा पोट फुगू लागले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा. खाण्यात बुरसटलेले धान्य आले असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे.

आजींना मी एवढेच म्हणालो, "आजी, पावसाळ्यात दाणे महिन्याचे भरू नका, पंधरवड्याचेच आणा. मग टाकण्याची वेळच येणार नाही." त्यांनी क्षणभर सुपाकडे पाहिले आणि ते दोन्ही ढीग सुनेच्या हाती दिले. परवा पुन्हा त्या घरी जाणे झाले. फळीवर काचेची छोटी बरणी होती आणि तिच्यात पावशेर दाणे.